कोणत्या दोन टोकांमधले व्होल्ट?

औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, शाळेची सहल गेली की वेरूळ, दौलताबादचा किल्ला, बीबी का मकबरा आणि शेवटी पाणचक्की असा क्रम बहुधा ठरलेला असतो. पाणचक्कीपाशी येईपर्यंत मुले थकलेली असतात. हौदातले मासे पाहायचे, एक फोटो काढायचा आणि बसकडे पळायचे. विज्ञानाच्या शिक्षकांनी मात्र तिथे दहा मिनिटे जास्त थांबायला हरकत नाही. खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ही चक्की आहे. शहराबाहेरच्या डोंगराकडून काही किलोमीटर अंतरावरून मातीच्या नळांतून पाणी इथे आणले होते. ते उंचावरून खाली पडे, त्याने चाक फिरे आणि चाकाला जोडलेल्या जात्यावर धान्य दळले जाई.

आता एक प्रश्न. चक्कीची ताकद काढायची असेल तर कोणती उंची धरायची? डोंगरातल्या उगमापासून चाकापर्यंतची सगळी, की चाकाशी पाणी जेवढ्या उंचीवरून पडते तेवढीच? चाकाला मिळते ती दुसरी. पहिल्या उंचीतला बराचसा भाग नळातून पाणी ढकलण्यात खर्च होऊन गेलेला असतो. समजा चाकाशी सहा मीटरचे पडणे आहे आणि सेकंदाला दहा लिटर पाणी येते. तर सहा गुणिले दहा गुणिले ९.८, म्हणजे सुमारे ५९० वॉट. नळात किती गेले हे काढायचे असेल तर नळाच्या दोन टोकांमधला फरक वेगळा मोजावा लागेल. पाणी दोन्हीकडे तेवढेच असते, उंचीचे वाटे मात्र दोन पडतात.

विजेच्या गणितात मुलांची जी हमखास चूक होते, ती हीच. नववीत ओहमचा नियम येतो, दहावीत विद्युत शक्ती. विभवांतराला धारेने भागले की रोध, विभवांतराला धारेने गुणले की शक्ती. दोन सूत्रे एकत्र केली की शक्तीची आणखी दोन रूपे मिळतात : धारेचा वर्ग गुणिले रोध, आणि विभवांतराचा वर्ग भागिले रोध. पाठ करायला पाच मिनिटे पुरतात. मग एखादी चौकस मुलगी विचारते, "सर, व्होल्ट वाढवले की तारेत वीज कमी वाया जाते असे पुस्तकात आहे. पण सूत्रात तर व्होल्टचा वर्ग वर आहे. मग जास्त वाया जायला पाहिजे ना?" प्रश्न बिनतोड आहे. त्याचे उत्तर सूत्रात सापडत नाही. 'कोणत्या दोन टोकांमधले व्होल्ट?' हे विचारल्यावर ते मिळते. गंमत अशी की हा प्रश्न सुटायला विज्ञानालाही पंचवीस वर्षे लागली होती.

व्होल्टाने आपली विद्युतरास १८०० साली जाहीर केली. लगेच जो तो तारा तापवू लागला, पाण्याचे विघटन करू लागला. १८२० मध्ये ओर्स्टेडला तारेतल्या विजेने चुंबकसूची वळलेली दिसली आणि धारा मोजण्याचे साधन हाती आले. तरीही तारेची लांबी आणि धारा यांचे नाते काही हाती लागत नव्हते. रास जोडली की धारा आधी जोरात येई, मग भराभर उतरे. कधी द्रावणामुळे, कधी धातूच्या पट्ट्यांवर साचणाऱ्या बुडबुड्यांमुळे. शिवाय 'राशीचा जोर' वेगळा आणि 'तारेतला प्रवाह' वेगळा हे भान पक्के नव्हते. अँपिअर, व्होल्ट, ओहम ही एकके तर नव्हतीच.

इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिशने १७८१ च्या सुमारास, म्हणजे व्होल्टाच्याही आधी, विजेने भरलेल्या लेडन बरण्या मिठाच्या पाण्यातून आणि स्वतःच्या शरीरातून मोकळ्या करून, बसलेल्या धक्क्याच्या जोरावरून जवळजवळ हाच नियम शोधला होता. पण त्याने तो छापला नाही. मॅक्सवेलने त्याचे कागद १८७९ मध्ये प्रसिद्ध केले तेव्हा जगाला ते कळले. न छापलेल्या शोधाचा कुणाला उपयोग होत नाही.

गेऑर्ग झिमॉन ओहम हा शाळामास्तर. जन्म १७८९ चा, जर्मनीतल्या एर्लांगेन गावचा. वडील कुलपे बनवणारे लोहार. त्यांनी स्वतः वाचून गणित शिकले आणि दोन्ही मुलांना शिकवले. १८१७ पासून ओहम कोलोन शहरातल्या शाळेत गणित आणि भौतिकी शिकवत होता. शाळेची प्रयोगशाळा बरी होती. शिकवण्यातून उरलेल्या वेळात तो तिथे काम करी. १८२५ मध्ये त्याने पहिला निबंध छापला. तारेच्या लांबीबरोबर जोर कसा घटतो याचे लॉगरिदमचे सूत्र त्यात होते. ते काही अंतरापर्यंत जुळते, पण नियम म्हणून ते चुकीचे होते. दोष अस्थिर राशीचा होता. ज्या नियतकालिकात ओहम लिहीत असे त्याचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी सुचवले, की रास सोडा आणि तापयुग्म वापरा. दोन वेगळ्या धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानांना ठेवले की वीज वाहते, हे झेबेकने १८२१ मध्ये दाखवले होते. ओहमने बिस्मथ आणि तांब्याचे युग्म केले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन्ही तापमाने स्थिर, म्हणून विजेचा जोरही स्थिर. पुढचे सगळे या एका बदलामुळे शक्य झाले.

धारा मोजायला त्याने तारेच्या वर एक चुंबकसूची टांगली. सूची वळली की वरून पीळ देऊन ती जागेवर आणायची आणि किती पीळ लागला ते लिहायचे. सारख्या जाडीच्या आठ तांब्याच्या तारा त्याने घेतल्या : २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच लांबीच्या. ८ जानेवारी १८२६ रोजी त्याला मिळालेली मापे अनुक्रमे अशी : ३२६.७५, ३००.७५, २७७.७५, २३८.२५, १९०.७५, १३४.५, ८३.२५ आणि ४८.५.

हे आकडे फळ्यावर लिहून मुलांना द्यावेत अशी माझी शिफारस आहे. आधी नुसते बघू द्या. तार दुप्पट केली, दोनाची चार इंच, तर धारा निम्मी व्हायला हवी होती. ती झाली ३०० च्या आसपास. मग रोध लांबीच्या प्रमाणात नाही काय? आता प्रत्येक मापाने १०,००० ला भागायला सांगा. उत्तरे येतात ३०.६, ३३.३, ३६.०, ४२.०, ५२.४, ७४.३, १२०.१, २०६.२. आलेखकागदावर आडव्या अक्षावर लांबी आणि उभ्या अक्षावर हे आकडे घेतले की सगळे बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेवर बसतात. दर इंचाला सुमारे १.३७ ची वाढ. पण रेषा शून्यातून जात नाही. ती मागे वाढवली तर आडव्या अक्षाला शून्याच्या डावीकडे, सुमारे २० इंचांवर छेदते.

हे वीस इंच कुठून आले? तार तर तितकी जोडलीच नव्हती. ते आले बिस्मथच्या दांड्यातून आणि उरलेल्या जोडणीतून. वीज त्यांच्यातूनही वाहत होती आणि त्यांचाही रोध होता, त्याच तारेच्या वीस इंचांइतका. ओहमने सूत्र लिहिले : पीळ बरोबर 'अ' भागिले ('ब' अधिक लांबी). त्या दिवशीच्या मापांसाठी 'अ' ची किंमत ७,२८५ आणि 'ब' ची २०.२५. ताडून पाहा. १३० इंचांच्या तारेसाठी ७,२८५ ला १५०.२५ ने भागले की ४८.५ येतात, अगदी मापाइतकेच. दहा इंचांना मात्र २४०.८ येतात आणि माप २३८.२५ आहे. खऱ्या प्रयोगात एवढा फरक असायचाच.

मग त्याने दोन सांध्यांमधला तापमानाचा फरक कमी केला. 'अ' घटला, 'ब' मात्र होता तेवढाच राहिला. म्हणजे 'अ' हा उगमाचा जोर आणि 'ब' ही तारेखेरीज उरलेल्या परिपथाची अडचण, अशी दोन गोष्टींची फारकत झाली. ओहमचे खरे श्रेय माझ्या मते इथे आहे. धारा ही संपूर्ण परिपथाची गोष्ट आहे आणि उगम स्वतःही त्या परिपथाचा भाग आहे, हे त्याने आकड्यांनी दाखवले. पाठ्यपुस्तकात उरतो तो फक्त तारेच्या एका तुकड्यापुरता नियम. हा प्रयोग शाळेत सहज होतो. एक टॉर्चचा सेल, नायक्रोमची तार, एक अँमीटर. दर मापाला कळ क्षणभरच दाबावी, नाहीतर सेल उतरतो आणि १८२५ चा ओहम आपल्याला भेटतो! व्होल्टमीटरची गरजच नाही. त्याच्याकडेही तो नव्हता.

१८२७ मध्ये त्याने बर्लिनमध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. फूर्येने १८२२ मध्ये उष्णतेच्या वहनाचे जे गणित मांडले होते, त्याच धर्तीवर ओहमने विजेचे वहन मांडले : तापमानातल्या फरकाच्या जागी विजेच्या दाबातला फरक. पुस्तकाच्या जोरावर विद्यापीठात जागा मिळेल अशी आशा होती, ती फळली नाही. १८२८ मध्ये त्याने कोलोनची नोकरी सोडली. न्युरेंबर्गच्या तंत्रशाळेत जागा मिळाली ती १८३३ मध्ये. मधली वर्षे बर्लिनमध्ये मिळेल ते शिकवण्यात गेली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कॉप्ली पदक दिले तेव्हा कुठे मायदेशातही लोक वळून पाहू लागले. म्युनिकमध्ये भौतिकीचे प्राध्यापकपद मिळाले १८५२ मध्ये आणि १८५४ मध्ये तो वारला.

त्याच १८४१ मध्ये मँचेस्टरजवळच्या एका मद्य गाळणाऱ्या कारखानदाराच्या मुलाचा, जेम्स जूलचा, निबंध छापून आला. जूलला आधी विजेच्या मोटारीने वाफेच्या इंजिनाला मागे टाकायचे होते. तो हिशोबी माणूस. जस्त किती खर्ची पडले आणि काम किती मिळाले याचा ताळा तो मांडू लागला आणि त्यातून उष्णतेकडे वळला. तार पाण्यात बुडवायची, धारा सोडायची, तापमान वाचायचे. निष्कर्ष : उष्णता रोधाच्या प्रमाणात आणि धारेच्या वर्गाच्या प्रमाणात. धारा दुप्पट केली की उष्णता चौपट.

एककांचा प्रश्न त्यानंतर चाळीस वर्षे घोळत राहिला. तारायंत्राच्या कंपन्यांना हजारो मैल तारांचा रोध मोजायचा होता, त्यांनी तो लावून धरला. १८८१ च्या पॅरिसच्या परिषदेत ओहम, व्होल्ट आणि अँपिअर ठरले. शक्तीच्या एककाला जेम्स वॉटचे नाव द्यावे ही सूचना विल्यम सीमेन्सने १८८२ मध्ये केली आणि ती १८८९ मध्ये मान्य झाली. एक व्होल्ट गुणिले एक अँपिअर बरोबर एक वॉट, हे गणित इतके सुटसुटीत आहे ते काही निसर्गाच्या कृपेने नाही. एकके तशी बेतून घेतलेली आहेत.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू, आणि त्यासाठी खंडाळ्याच्या घाटाखाली जाऊ. लोणावळ्याजवळच्या वळवण धरणाची पायाभरणी १९११ मध्ये झाली. ८ फेब्रुवारी १९१५ रोजी टाटांच्या खोपोली केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज सुरू झाली. अंतर सुमारे ७० किलोमीटर, आणि वीज नेली एक लाख व्होल्टने. त्या काळी हा आकडा छाती दडपवणारा होता. एवढ्या व्होल्टचा अट्टहास कशासाठी?

हिशोब सोपा करून करू. तीन फेजचा बारकावा बाजूला ठेवू आणि दोन तारा मानू, जाण्यायेण्याचा मिळून रोध दहा ओहम. ८,००० किलोवॉट पाठवायचे आहेत. ५,००० व्होल्टने पाठवायचे म्हटले तर धारा १,६०० अँपिअर. ही धारा दहा ओहममधून ढकलायला तारेतच १६,००० व्होल्ट लागतील. आपल्याकडे आहेत पाच हजार! म्हणजे हे जमणारच नाही. त्या तारेतून पलीकडे जास्तीत जास्त ६२५ किलोवॉट पोचतील, आणि तेवढेच वाटेत जळतील. एक लाख व्होल्टने पाठवले तर धारा ८० अँपिअर. तारेत उतरणारे व्होल्ट ८००. वाया जाणारी शक्ती ८० चा वर्ग गुणिले १०, म्हणजे ६४ किलोवॉट, शेकडा एकाहूनही कमी.

आता तेच ६४ किलोवॉट व्होल्टच्या वर्गाने काढू. एक लाखाचा वर्ग भागिले दहा केले तर येतात दहा लाख किलोवॉट. हे अशक्य उत्तर अगदी निरर्थकही नाही. पलीकडची दोन टोके एकमेकांना चिकटवली, सगळे एक लाख व्होल्ट तारेवरच पडले, तर क्षणभर तेवढे होईल. पण तारेच्या वाट्याला आलेत ८०० व्होल्ट. ८०० चा वर्ग भागिले दहा करा, ६४ किलोवॉटच येतात. सूत्र बरोबर होते. व्होल्ट भलतीकडचे घातले होते. पाणचक्कीत उगमाची उंची नळाच्या नावावर मांडावी तसे.

आपल्या राज्यात याहून मोठे उदाहरण १९९९ पासून आहे. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची एकदिश धारेची वाहिनी. क्षमता १,५०० मेगावॉट, आणि व्होल्ट 'अधिक-उणे पाच लाख'. धारा किती? मुले पाच लाखांनी भागतात आणि ३,००० अँपिअर सांगतात. पण एक तार जमिनीपेक्षा पाच लाख वर, दुसरी पाच लाख खाली. दोघींमधले अंतर दहा लाख, म्हणून धारा १,५०० अँपिअर. तिरोड्याहून कोराडी, अकोला करत संभाजीनगरला येणाऱ्या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीचेही असेच. तो आकडा दोन फेजमधला आहे. एका फेजपासून जमिनीपर्यंत सुमारे ४४२ किलोव्होल्टच.

मराठवाड्यातल्या मुलांना यातले सर्वात ओळखीचे उदाहरण मात्र शेतावरचे. 'व्होल्टेज येत नाही' ही तक्रार घरोघरी ऐकलेली असते. डीपीपासून दूर, किलोमीटरभर लांब तार, तिच्यावर पाच हॉर्सपॉवरच्या दहा मोटारी. प्रत्येकी साडेसात अँपिअर धरले तर तारेत ७५ अँपिअर. एका तारेचा रोध एक ओहम धरू. ७५ व्होल्ट वाटेतच उतरले. फेजमागे २४० होते ते शेवटच्या मोटारीपाशी १६५ उरले. (सगळ्या मोटारी अगदी टोकालाच आहेत असे धरून हा ढोबळ हिशोब.) तीन तारांत मिळून ७५ चा वर्ग गुणिले तीन, सुमारे १७ किलोवॉट नुसती तार तापवण्यात जातात.

मोटारीचे काय होते? इथे ओहमचा नियम आंधळेपणाने लावला तर फसगत होते. व्होल्ट घटले, मग धाराही घटेल, असे मुलांना वाटते. हीटरचे तसे होते. मोटार मात्र पाणी उचलण्याचे काम तितकेच करू पाहते, म्हणून कमी व्होल्टला ती जास्त धारा ओढते. ४१५ ऐवजी ३३० व्होल्ट मिळाले तर धारा सुमारे सव्वापट आणि वाइंडिंगमधली उष्णता दीडपटीहून अधिक. जूलचा वर्ग! त्याहून व्होल्ट उतरले आणि मोटार फिरायचीच थांबली, तर धारा पाच-सहा पट होते आणि स्टार्टरने वेळीच तोडले नाही तर वाइंडिंग जळते. मोटारीसाठी व्होल्ट भागिले अँपिअर केले तर आकडा येतो, पण तो वाइंडिंगचा रोध नव्हे. शक्तीसाठी व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार मात्र तिथेही चालतो, फक्त प्रत्यावर्ती धारेसाठी शक्तिगुणकाची दुरुस्ती करावी लागते.

महावितरणने २०१८ पासून शेतीपंपांसाठी उच्चदाब वितरणाची योजना आणली. ११ किलोव्होल्टची वाहिनी शेतापर्यंत न्यायची आणि एक-दोन शेतकऱ्यांना मिळून एक छोटे रोहित्र द्यायचे. वरच्याच हिशोबात ७५ अँपिअरऐवजी ११ किलोव्होल्टला २.८ अँपिअर पुरतात, आणि त्याच तारेत १७ किलोवॉटऐवजी २४ वॉट जातात. खोपोलीला १९१५ मध्ये केलेला तोच हिशोब, बांधापर्यंत आणलेला.

पुष्कळ शेतांवर स्टार्टरच्या पेटीवर व्होल्टमीटर आणि अँमीटर दोन्ही असतात. पेटीला किंवा तारेला हात न लावता, मोठ्या माणसासोबत उभे राहून विद्यार्थ्याने मोटार सुरू होण्याआधीचे आणि सुरू झाल्यानंतरचे व्होल्ट लिहून आणावेत. समजा ४१० चे ३९५ झाले आणि धारा ७.५ अँपिअर दिसली. १५ व्होल्ट उतरले. तीन फेजसाठी १.७३ ने भागून ८.७, आणि त्याला ७.५ ने भागून सुमारे १.१५ ओहम. पेटीपासून मागे, रोहित्रापर्यंतच्या सगळ्या जोडणीचा हा ढोबळ रोध. ओहमच्या सूत्रातला 'ब' तो हाच. दरम्यान शेजारच्या मोटारी सुरू-बंद झाल्या तर आकडा बदलेल, म्हणून माप दोन-तीनदा घ्यावे.